गाळलेलं पाणी

बसा आता गुमान. डीपीवर काहीतरी जळालंय. वायरमन म्हणतो तासाभरात येतो, म्हणजे दोन तास धरा. ते मोबाइल ठेवा खिशात, माझ्या डोळ्यांवर उजेड नको. जयराज, तू आत सरक. आसिफ, दार लोटून घे रं, डास येतात.

भुताची सांगा म्हणता, तर सांगतो. पण मधे 'खरं का नानासो?' विचारायचं नाही. ज्यानं विचारलं त्यानं अंधारात एकट्यानं जाऊन टाकीचा कॉक बघून यायचा. ह्या कारखान्याचा वॉचमन मी आत्ता झालो. त्याआधी तीस वर्षं मिरजेत मनाच्या डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. तिथं चांगलंचुंगलं बोलून माझी बोली पार धुऊन निघाली, गावाकडं भाऊबंद हसतात. तर हे तिथलं. ज्याच्यावर गुदरलं त्यानं बाकड्यावर माझ्याशेजारी बसून, माझा हात धरून सांगितलेलं. माणसाचं नुसतं नाव सांगतो, आडनाव नाही, गाव तर नाहीच. सांगलीपासून पाच-सहा कोसांवरचं, उसाचं गाव, एवढं बास.

श्रेणिक त्याचं नाव. लोक श्रेणिकआण्णा म्हणायचे, पण वय बेचाळीसच. जैनाचं घर, थोडी शेती, आणि हितंच कुपवाडला दोन लेथचं वर्कशॉप. राग म्हणून त्या माणसाला ठाऊक नव्हता. भागीदारानं एका रात्रीत मशीन उचलून नेलं, तर हा दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन 'जपून वापर, बेरिंग नाजूक हाय' असं सांगून आला. हसू नका, खरंच सांगून आला. बाप तसाच होता आणि आजाही तसाच. गावात म्हणायचे, त्या घरातनं भांड्याचा आवाज येईल, माणसाचा येणार नाही.

घरात चार माणसं. श्रेणिक, बायको गुणमाला, म्हातारी आई हरणाबाई, तिला सगळे अव्वा म्हणायचे, आणि आठ वर्षांची एकुलती एक पोर, ब्राह्मी. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. घरातला सगळा आवाज त्या पोरीचा होता. भूक लागली की ओरडायची, शेंगदाण्याची चटणी तिखट झाली की ओरडायची. गल्लीला वेळ कळायची तिच्या ओरडण्यावरनं.

ती पोर दोन हजार तेवीसच्या जुलैत गप्प व्हायला लागली.

आधी रात्री उठून बसायची. रडायची नाही, नुसती बसायची. मग दिवसा बोलणं कमी झालं. शाळेतल्या बाईंनी घरी निरोप धाडला. ऑगस्टात तर हातात पाण्याचा पेला धरून अर्धा-अर्धा तास त्यात बघत बसायची. दर्गा झाला, मंदिर झालं, सांगलीचे लहान मुलांचे डॉक्टर झाले, आणि मग बापानं तिला मिरजेला आमच्या डॉक्टरीणबाईंकडं आणलं. प्रियदर्शनीबाई. त्याही त्यांच्याच समाजातल्या. हुशार बाई, बोलायला मऊ.

बाईंची रीत अशी, लहान पोरांना प्रश्न विचारायचे नाहीत, कागद आणि रंग द्यायचे. चौदा ऑगस्टला पोरीनं पहिलं चित्र काढलं. गोल विहीर, आत निळं पाणी, आणि पाण्यात छातीपर्यंत उभा असलेला माणूस. पाठमोरा. चित्रावर तारीख मी घातली, फायलीत मीच लावलं. दर सोमवारी एक चित्र. सगळ्यांत तेच, तीच विहीर, तोच माणूस. पण दर सोमवारी तो थोडा वळलेला असायचा. तिसऱ्यात कान दिसला. पाचव्यात गालाची कड. पोर म्हणाली, रोज रात्री स्वप्नात येतो आणि रोज थोडा वळतो.

बाईंनी ती चित्रं बापापुढं ठेवली. मी चहा घेऊन आत गेलो होतो, म्हणून माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्या माणसाचं तोंड पांढरंफटक पडलं. कारण ते स्वप्न त्याचं होतं. वयाच्या आठव्या वर्षापासनं तो तेच स्वप्न बघत होता. जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

"मी बोललो न्हाई बाई तिला, शप्पत. मग तिला कसं दिसलं?"

बाई म्हणाल्या, "विहीर ज्याची त्याची असते, श्रेणिक. खालचा झरा एकच असतो. मनाचंही तसंच. बापजाद्यांनी जे बघितलं ते आपल्याला न सांगता दिसतं. आणि माणूस स्वतःतलं जे जे नको म्हणून गाळून टाकतो ना, ते मरत नाही. खाली कुठंतरी जाऊन उभं राहतं. तुम्ही शेवटचे कधी चिडला होता?"

"मला राग येतच न्हाई बाई."

"येतो. जातो कुठं ते शोधा. तुम्ही एकदा ओरडलात ना घरात, तर पोर बरी होईल असं मला वाटतं."

तो नुसता हसला. सवयीनं हसला बिचारा.

आता आसिफ, तुला एक सांगायला पाहिजे, जयराजला ठाऊक असेल. जैन लोक पाणी गाळून पितात, दुपदरी जाड फडक्यातनं. गाळून झालं की फडक्यावर जे बारीक जीव राहतात ते फेकायचे नाहीत. फडकं उलटं करून धुवायचं आणि ते पाणी, जिथनं आणलं तिथंच परत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. त्यासाठी खास तांब्या असतो, बुडाला कडी असलेला. दोरीनं विहिरीत सोडायचा, पाण्याला टेकला की वरचा आकडा सुटतो, तांब्या अलगद कलंडतो आणि दोरी हलकी होते. वरनं ओतायचं नाही, जीव मरतात. ह्यांच्या घरात शंभर वर्षं शेतातल्या विहिरीवर ही रीत चालत आली होती. दोन हजार एकोणीसला बाप वारला आणि श्रेणिकनं त्या विहिरीवर स्लॅब टाकला. मधे लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. पोरं खेळतात, असं लोकांना सांगितलं. शेजारी बोअर मारली. तेव्हापासनं जिवाणी मोरीत जायला लागली.

अव्वाला ते कधीच पटलं नव्हतं. चित्रांचं कळल्यावर ती म्हातारी लेकाला म्हणाली, "तुजा बाबा बी झोपंत म्हनायचा, 'वळू नको, वळू नको.' मी इचारलं न्हाई. तुमच्या घरात इचारायची पद्दत न्हाई. आता क्षमावाणीचा दिवस येतोय. समद्यांची क्षमा मागशील, त्या हिरीतल्याची बी माग. आन् त्येचं त्येला परत दे."

क्षमावाणी म्हणजे त्यांच्या पर्वानंतरचा दिवस. त्या दिवशी घरोघर जाऊन हात जोडायचे, 'उत्तम क्षमा' म्हणायचं, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा म्हणायचं. त्या वर्षी तो दिवस आला तीस सप्टेंबरला, शनिवारी.

दुपारी त्यानं पाणी गाळलं, तांब्या भरला, किल्ली खिशात घातली. साडेपाचला निघायचं, उजेडात परत यायचं, असं ठरवलं होतं. पण दारात माणसं यायला लागली. उत्तम क्षमा, श्रेणिकआण्णा. बसा. उत्तम क्षमा. बसा बसा. गुणमाला आतनं खुणा करतेय, जावा आता, दिवस मावळला. पण 'मला काम आहे, नंतर या' एवढं पाच शब्दांचं वाक्य त्या माणसाच्या तोंडातनं निघेना. एकेकाला उंबऱ्यापर्यंत पोचवत बसला. शेवटी शेजारचे चांदसाहेब आले, तेही म्हणाले उत्तम क्षमा, दरवर्षी म्हणायचे. ते उठले तेव्हा सव्वासात वाजले होते.

आत ब्राह्मी पेल्यात बघत बसलेली. तो तिच्याजवळ वाकला. "आज तुझं बरं होणार बघ," म्हणाला. तिनं वर बघितलं नाही.

मग तो निघाला. शेत मैलभर. तांब्या हिंदकळू नये म्हणून पायीच निघाला. पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली, चांद नुकता वर येत होता, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, त्यामुळं रस्त्यावर अंधारच. डाव्या हातात बॅटरी, उजव्यात तांब्या. मनात एकच, की लवकर सोडावं आणि पोरीजवळ जाऊन बसावं.

ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर एक माणूस बसला होता. पाठमोरा.

श्रेणिकला वाटलं, कुणीतरी रात्रीची मोटर चालू करायला आलाय. शेतीची लाईट रात्रीचीच असते. जवळनं जाताना तो सवयीनं म्हणाला, "उत्तम क्षमा, पाव्हणं."

माणूस वळला नाही.

सदरा पाठीला चिकटलेला. ओला. शेत भिजवणाऱ्याचा भिजतोच. श्रेणिक पुढं गेला. दहा-बारा पावलांवर त्याच्या लक्षात आलं, की सदऱ्याचा रंग आपल्याच सदऱ्याचा आहे. वळून बघावं असं वाटलं. पण मान वळेना. त्यानं मला सांगितलं, "नानासो, मी भ्यालो न्हवतो. मला आपलं वाटलं, त्येला बरं दिसणार न्हाई." असा माणूस.

विहिरीवर पोचला. खिशातली किल्ली काढली.

कुलूप झाकणावर उघडं पडलं होतं.

झाकण उचललेलं.

आत बॅटरी मारली. पाणी खोल. काळं. कुणी नाही. त्यानं णमोकार मंत्र म्हटला, तांब्याला दोरी लावली आणि सोडायला लागला. हळू. हातभर… हातभर… तांब्या पाण्याला टेकल्याचा आवाज आला.

आता आकडा सुटायचा. तांब्या कलंडायचा. दोरी हलकी व्हायची.

दोरी हलकी झाली नाही.

खालनं कुणीतरी तांब्या धरला होता. ओढत नव्हता. नुसता धरला होता.

लक्षात घ्या, त्या विहिरीत कधी कुणी मेलेलं नाही. मी स्वतः गावात जाऊन विचारलं, तीन म्हाताऱ्यांना विचारलं. कुणी उडी टाकली नाही, कुणी पडलं नाही. भूत मेलेल्याचंच असतं असं तुम्हाला कुणी सांगितलं?

श्रेणिकच्या तोंडातनं शब्द आला, "उत्तम क्षमा."

खालनं विचारलं, "कुणाकुणाची मागितलीस?"

आवाज त्याचाच.

"समद्यांची."

"माझी?"

…

"तुझी बी," तो म्हणाला. "तुझी बी मागतो."

"अशी न्हाई. अशी मऊ न्हाई. तुज्या बानं बी अशीच मागितली. ओरडून माग. एकदा. मग सोडतो पोरीला."

आता ऐका, हे त्यानं मला सांगताना माझा हात इतका दाबला, की अंगठी रुतली. तो आठ वर्षांचा असताना एकदा घरात ओरडला होता. कशासाठी ते त्याला आठवत नाही. बापानं मारलं नाही, रागावला नाही. गोड बोलून ह्याच विहिरीवर घेऊन आला आणि म्हणाला, "आपल्यात वरडत न्हाईत बाळ. आलेलं गिळायचं. गिळवत न्हाई तर हितं बघायचं आन् सोडून द्यायचं." बापाला त्याच्या बापानं तेच सांगितलेलं. आणि तेवीसच्याच जूनमध्ये, पाव्हण्यांसमोर ब्राह्मी ओरडली म्हणून, श्रेणिक तिला इथं घेऊन आला होता. स्वतः कुलूप काढून. स्वतः झाकण उचलून. तिला कडेवर घेऊन आत वाकवून. मायेनंच हो. मायेनंच त्यानं तिला शिकवलं.

ते त्याला तिथं आठवलं. वर चांद, खाली पाणी, हातात ताठ दोरी.

"ओरड," खालनं आवाज आला.

त्यानं तोंड उघडलं.

आवाज नाही.

पोट आत ओढून जोर केला. छाती फाटायला आली. पोरीचं तोंड डोळ्यांपुढं आणलं. पेल्यात बघणारी पोर. ओरडायचं फक्त. कुत्रं ओरडतं, चार दिवसांचं तान्हं ओरडतं. ह्याच्या गळ्यातनं नुसता वारा. चौतीस वर्षांत ती वाटच बुजली होती. तो रडला. तेही आवाज न करता.

"ओरड…"

वारा.

"…"

वारा.

"बरं," खालनं आवाज आला. समजूतदार आवाज. अगदी त्याच्यासारखा. "तू न्हाई तर ती."

दोरी हलकी झाली.

त्यानं घड्याळात बघितलं. सात पन्नास. का बघितलं ते त्यालाही सांगता येत नाही. दोरी तिथंच टाकली आणि पळत सुटला. पुलाच्या कठड्यावर कुणी नव्हतं. कठडा कोरडा होता.

गल्लीत माणसं जमलेली. चांदसाहेब दारात उभे, तोंडावर हसू. "आण्णा, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकला," ते म्हणाले. "लय बरं वाटलं. माणसानं मोकळं व्हावं कधीतरी. कुणावर चिडला होता?"

"कवा?"

"आत्ता. आठाला दहा कमी असतील. अख्ख्या गल्लीनं ऐकलं."

तो आत गेला. गुणमाला भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडात कोंबलेला. तिनं नुसतं बोट केलं. ब्राह्मी जागेवरच होती. मग गुणमाला बोलली, "वरडली हो… ह्या एवढ्याशा तोंडातनं… तुमच्या आवाजात वरडली. बाप्याच्या आवाजात."

"काय म्हनाली?"

"शब्द न्हवता."

अव्वा कोपऱ्यात माळ धरून बसलेली.

ब्राह्मीनं पेला खाली ठेवला. बापाकडं बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं. छान हसली आणि हात जोडले.

"उत्तम क्षमा, पप्पा."

सोमवारी गांधी जयंतीची सुट्टी, म्हणून मंगळवारी तो पोरीला घेऊन मिरजेला आला. तेव्हा बाकड्यावर हे सगळं मला सांगितलं. आत पोर बाईंशी बोलत होती, शाळेचं, मैत्रिणींचं. स्वप्न पडतं का? नाही पडत. विहीर? कुठली विहीर? चित्र काढतेस? काढलं. झाड काढलं, घर काढलं, मोर काढला. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पोर बरी आहे. पण म्हणताना माझ्याकडं बघत होत्या, बापाकडं नाही. सुई टोचली होती त्यांनी मुद्दाम, बोटाला, रक्त तपासायचं म्हणून. पोरीनं हूं की चूं केलं नाही. वर त्यांनाच म्हणाली, असू दे बाई.

त्यानंतर ते आले नाहीत. मी मात्र दोनदा गावात जाऊन आलो. लोक कौतुक करतात. किती गुणाची पोर, कधी आवाज नाही, कधी हट्ट नाही. बापावर गेली म्हणतात. श्रेणिक ते ऐकतो आणि मान खाली घालतो. तो हल्ली रोज संध्याकाळी उसात जातो. एकटाच. मी लांबनं बघितलं. तोंड उघडून उभा असतो. आवाज येत नाही.

झालं एवढंच. वायरमन अजून आला नाही वाटतं.

काय? ती चित्रं? आहेत की. बाई गेल्या वर्षी पुण्याला गेल्या, जुन्या फायली नष्ट करा म्हणाल्या. बाकीच्या मी जाळल्या, ही एक माझ्याच्यानं जाळवली नाही. कपाट लोखंडी होतं, किल्ली पहिल्यापासनं माझ्या करगोट्याला. ज्या दिवशी फाईल बाहेर काढली, त्या दिवशी वर्षानंतर पहिल्यांदा उघडली. चौदा ऑगस्टपासनं सात चित्रं. माझ्या हातची तारीख प्रत्येकावर. रंग तेच, कागद तेच.

माणूस सातांतल्या एकाही चित्रात नाही.

विहीर आहे. पाणी आहे. पाण्यात छातीपर्यंत एक पोरगी उभी आहे. दोन वेण्या.

नाही रं आसिफ, तोंड दिसत नाही. पाठमोरी आहे… अजून तरी.